माझा हात वाईट नाही, तुमचं दुकान वाईट आहे

"तुझ्या हाताला गुण नाही" हे वाक्य पुन्हा कुणी ऐकवलं तर मी भांडणार आहे, आधीच सांगून ठेवते. शेजारीण म्हणते, ऑफिसातली मैत्रीण म्हणते, पुण्याहून आत्या व्हिडिओ कॉलवर म्हणते. झाड मेलं की निकाल तयार असतो: हिनेच मारलं. ज्याने ते अर्धमेलं विकलं, त्याचं नाव कुणी काढत नाही. चोर तो चोर, वर शिरजोर!

मी राहते स्टॉकहोममध्ये. इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला गायब. त्यातही भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो, म्हणजे आमच्यासाठी समोरच्या इमारतीच्या मागेच. कामाला जाताना काळोख, घरी येताना काळोख. अशा दिवसांत माणूस खिडकीत फूल आणून ठेवणार नाही तर काय करणार? इथे खिडकीला रुंद कट्टा असतो, त्याच्याखाली रेडिएटर, आणि कट्ट्यावर कुंड्या. पडदे फारसं कुणी ओढत नाही, त्यामुळे रस्त्याने जाता-जाता घराघरातली फुलं दिसतात. ॲडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार आठवडे, लागला की कागदी तारे, हायसिंथ आणि ॲमॅरिलिसची कंदातून येणारी फुलं, लाल पानांचा पॉइन्सेटिया. ही चैन नाही हो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोकं ठिकाणावर ठेवायची सोय आहे. आणि लोकांची नेमकी ही नड हेरूनच लुटालूट चालते.

आमच्या जवळच्या सुपरमार्केटात फुलझाडांची ट्रॉली कुठे असते सांगू? सरकत्या दरवाजाच्या तोंडाशी. बाहेर उणे आठ. दर अर्ध्या मिनिटाला दरवाजा उघडतो आणि बर्फाळ वारा सरळ पॉइन्सेटियाच्या अंगावर. हे झाड मूळचं मेक्सिकोचं, १० अंशांच्या खाली गेलं की त्याला त्रास सुरू होतो. तिथे ते आठवडाभर उभं, वर "ख्रिसमस ऑफर"चा बोर्ड. तुम्ही ते हौसेने घरी आणता, चार दिवसांत पानं पिवळी, सहाव्या दिवशी कट्ट्यावर नुसत्या काड्या. थंडीचा तडाखा दुकानात बसलेला असतो, तो फक्त दिसतो तुमच्या घरी!

त्यात ती प्लास्टिकची बाही. वाहतुकीत झाडं एकमेकांत अडकू नयेत म्हणून घालतात, ठीक आहे. पण दुकानात पोचल्यावर काढा ना ती! पानांचे देठ वर दाबून ठेवले की झाड इथिलीन सोडतं, आंबे पिकवतो तोच वायू, आणि बाही काढल्यावर पानं मान टाकतात. काढायला माणूस कुठे आहे पण? सगळं सेल्फ-चेकआउट. जुन्या वळणाच्या फुलवाल्याकडे गेलं तर तो न सांगता झाड दोन-तीन पदरी कागदात गुंडाळतो, वरून तोंड दुमडून स्टेपल मारतो, "थेट घरी जा, वाटेत कुठे थांबू नका" असं बजावतो. इथे मशीन विचारतं, "पिशवी हवी का?" नको बाई, शाल दे त्याला एखादी.

पॉइन्सेटियाची आणखी एक गंमत. पुण्यात हेच झाड बंगल्याच्या कंपाउंडला लागून माणसाच्या उंचीच्या वर वाढतं, कुणी ढुंकून बघत नाही, डिसेंबरात आपसूक लाल होतं. इथलं वीतभर झुडूप म्हणजे त्याच जातीचं, पण वाढ खुंटवणारी औषधं देऊन ठेंगणं ठेवलेलं. आणि त्याला इतके फाटे फुटतात ते कशामुळे, तर त्याच्या अंगात मुद्दाम टिकवून ठेवलेल्या फायटोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे! म्हणजे बाजारातलं सुंदर झाड हे अधिकृतपणे आजारी झाड आहे. (हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या झाडाकडे बघत बसले होते.) पुढच्या वर्षी पुन्हा लाल करायचं तर त्याला दोनेक महिने रोज सुमारे १४ तास सलग अंधार लागतो. अंधार तर इथे फुकट मिळतो! पण दिवाणखान्यातला दिवा रात्री अकरापर्यंत चालू, की झाली त्याची रात्र नासली. यातलं एक अक्षर लेबलवर नसतं. लेबलवर काय असतं? अर्धा सूर्य, एक थेंब, आणि "फुलझाड". नुसतं "फुलझाड"! जातीचं नाव नाही, काही नाही. औषधाच्या पाकिटावर "गोळी" इतकंच लिहून कुणी विकलं असतं का?

पण खरा संताप त्या मेणाच्या ॲमॅरिलिसचा. बघितलेत का? चांगला मुठीएवढा टणक कंद घ्यायचा, खालची मुळं छाटायची, कंद लाल नाहीतर सोनेरी मेणात बुडवायचा, बुडाला तारेची बैठक लावायची. "पाणी नको, माती नको, काळजी नको." कंदात साठवलेल्या शिदोरीवर बिचारं एकदा फुलतं आणि संपतं. हाच कंद मातीत लावला, फुलं गेल्यावर पानं ठेवली, उन्हाळाभर ऊन-पाणी-खत दिलं आणि शरद ऋतूत आठ-दहा आठवडे कोरडा झोपू दिला, तर वर्षानुवर्षं फुलतो. वर्षानुवर्षं! ते एका महिन्याच्या शोभेसाठी मेणात गाडायचं आणि त्याला "सोयीचं" म्हणायचं.

त्याच फळीवर निवडुंगाला हॉट ग्लूने चिकटवलेली सुकी फुलं. खोटं वाटतं? नखाने हळूच उचलून बघा, खाली गोंदाचा पांढरा ठिपका दिसेल. शेजारी निळं ऑर्किड, म्हणजे पांढऱ्या ऑर्किडच्या दांड्यात टोचलेला रंग. पुढचा बहर पांढरा येतो आणि घेणारा पुन्हा स्वतःलाच दोष देतो, "माझ्याकडे रंग उतरला."

ऑर्किडचं तर मी पोस्टमॉर्टेमच केलं. फॅलेनॉप्सिस, दोन दांडे, टवटवीत दिसणारं. महिनाभरात कळ्या न उमलताच गळायला लागल्या. शोभेची कुंडी काढली तर तळाशी बोटभर पाणी, कारण तिला भोकच नाही. आतली पारदर्शक कुंडी कापली. वरवर झाडाच्या सालीचे तुकडे, छान. पण मधोमध, अगदी खोडाखाली, रोप लहान असतानाची ती पीटची, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या शेवाळाची, गुंडी जशीच्या तशी. काळी, पिळली तर पाणी गळेल अशी. तिच्या भोवतीची मुळं बोटात धरली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. कडेची जी मुळं त्या गुंडीपासून लांब पळाली होती, ती तेवढी रुपेरी आणि घट्ट. शिंतोडा मारल्यावर हिरवी झाली. म्हणजे झाड स्वतः बाहेर पळत होतं हो! काउंटरवर फोटो दाखवला तर उत्तर: "जिवंत मालाची परतफेड नाही. पाणी जास्त झालं असेल तुमचं." माझं?

आणि प्रकाश! "उजेडाची जागा" म्हणे. कुठला उजेड? पुण्यात मे महिन्याच्या दुपारी अंगणात लाखभर लक्स (उजेडाचं माप) असतात. माझ्या खिडकीत डिसेंबरच्या ढगाळ दुपारी फोनमधलं मोजणारं ॲप चार आकडी होतानाही धापा टाकतं, आणि कुंडी खोलीत मीटरभर आत सरकवली की तेही उरत नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं आहे! वर रेडिएटरची गरम कोरडी हवा खालून आणि काचेचा गारवा पाठीमागून. आगीतून फुफाट्यात नाही, आगीत आणि बर्फात एकाच वेळी. पाठोपाठ येतो लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड, त्याला हीच कोरडी हवा मानवते. हे दुकानदाराला माहीत नाही? पक्कं माहीत आहे. पण "दिव्याशिवाय हे इथे जगणार नाही" असं लिहिलं तर कोण घेईल?

मग येतात सल्ले. आत्याचा आवडता, "चहाचा चोथा घाल गं, माझा गुलाब बघ कसा फुललाय." आत्या, तुमच्या गच्चीवर ऊन आहे. इथे थंडीत माती आठ-आठ दिवस ओली राहते, त्यात चोथा घातला की बुरशी आणि तिच्यावर पोसलेली चिलटं घरभर. केळ्याच्या सालीचं पाणी, ताक, तांदळाचं धुवण, सगळ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पिवळे चिकट सापळे लावून मी सकाळी चहा घेताना त्यावरचे बळी मोजते, इतका पुरे झाला सेंद्रिय अनुभव.

जे खरोखर फुलतं ना, ते या ट्रॉलीवर कोपऱ्यात स्वस्तात पडलेलं असतं. आफ्रिकन व्हायोलेट घ्या. १८९२ मध्ये वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने टांझानियाच्या उसांबारा भागातून घरी पाठवलेलं हे झाड, जंगलाच्या सावलीत शेवाळी खडकांवर वाढणारं. त्याला प्रखर ऊन नकोच. साध्या पांढऱ्या एलईडी पट्टीखाली रोज १२ तास, खालून वातीने कोमट पाणी, आणि जानेवारीच्या काळ्या सकाळी जांभळ्या फुलांचा गुच्छ, मधे पिवळेधमक परागकोश. पानांवर गार पाणी सांडू नका, डाग पडतात, एवढंच पथ्य. दुसरा तो ब्राझीलचा निवडुंग, श्लुम्बर्गेरा. रात्र मोठी झाली आणि जरा गारठा आला की तो स्वतःहून कळ्या धरतो. स्वीडिश लोक त्याला नोव्हेंबरचा निवडुंगच म्हणतात. कलांचोही तसाच, आपल्या पानफुटीचा सख्खा नातेवाईक, आठवडाभर पाणी विसरलात तरी रुसत नाही. ही तीन झाडं नावानिशी, खरी माहिती लिहून, दरवाजापासून दहा पावलं आत ठेवली तर दुकानाचं काय जाईल? जाईल ना, पुढच्या डिसेंबरचं गिऱ्हाईक जाईल.

कारण लोकांना सवय लावून झालीय. १३ जानेवारीला इथे ख्रिसमस रीतसर संपतो, ख्रिसमसचं झाड बाहेर, तारे पेटीत. दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगची कचऱ्याची खोली बघा. अजून लालभडक असलेली पॉइन्सेटिया, हिरव्यागार पानांची ऑर्किडं फक्त फुलं गळली म्हणून टाकलेली, दगडासारखे टणक कंद. मी उचलून आणते, लाज वाटत नाही मला. नवरा म्हणतो कट्टा संपला, मी म्हणते दिव्याखाली आणखी एक फळी ठोक, तर म्हणतो आधी वीजबिल बघ. बघितलं. २० वॉटची पट्टी रोज १२ तास म्हणजे महिन्याला साधारण सव्वासात युनिट. आणि ह्याचा तो गेमिंगचा कॉम्प्युटर रात्रभर घोंघावत असतो, त्याचं बिल कोण बघतं?