करुणेपासून बचावाचे काही उपाय

प्राणिमात्रांवर दया करा, कुणावर हात उचलू नका, म्हणजे समाज बदलेल, असं सांगणाऱ्यांचं हल्ली पेव फुटलं आहे. तुम्ही बिचारी संसारी माणसं. या साथीपासून तुम्हाला वाचवणं मी माझं कर्तव्य समजतो.

पहिला उपाय म्हणजे एक वाक्य पाठ करा : 'आधी माणसांचं बघा.' परवा एक मुलगा खांबाला बांधलेल्या कुत्र्याच्या पिल्लावर नेम धरून दगड मारत होता. मी त्याचा हात धरला. लगेच वडील धावून आले. "जगात माणसं मरताहेत आणि तुम्हाला कुत्र्याचं पडलंय?" मी निरुत्तर. मग माणसांवरचं प्रेम सिद्ध करायला त्यांनी पोराच्याच कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. चारचौघांत त्यांची शोभा झाली ना! जमलेल्यांनी माना डोलावल्या. त्यातले दोघे फोनवर शूटिंग करत होते. वाक्याची खरी सोय हीच : ते एकदा उच्चारलं की माणसांचंही बघावं लागत नाही.

इतिहासाच्या वाटेला मात्र जाऊ नका, पंचाईत होते. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्गने प्राण्यांवरची क्रूरता थांबवणारी संस्था काढली. घोड्यांसाठी गळा काढतो म्हणून लोक त्याची टिंगल करायचे. १८७४ मध्ये एटा व्हीलर नावाच्या समाजसेविकेला मेरी एलन ही दहा वर्षांची मुलगी सापडली. सांभाळणारी बाई तिला कोंडून ठेवायची, मारायची. एटाने बरेच दरवाजे ठोठावले, कुणी दाद देईना. शेवटी ती गेली कुणाकडे? त्याच घोडेवाल्या बर्गकडे. त्याने आणि त्याच्या वकिलाने प्रकरण कोर्टात नेलं, मुलगी सुटली, बाई तुरुंगात गेली आणि त्यातूनच मुलांच्या संरक्षणाची संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये गुराढोरांच्या छळाविरुद्ध कायदा आला १८२२ मध्ये, मुलांच्या छळाविरुद्धचा १८८९ मध्ये. मधली सदुसष्ट वर्षं 'आधी माणसांचं बघा' म्हणणारे नेमकं काय बघत होते, हे विचारायचं नाही. विचारलं तर विषय बदला. 'मग मच्छर का मारता?' हे हुकमी.

हिंसा नेहमी दुसऱ्याची असते. आपली ती शिस्त.

उंदरांपासून पोरांना लांब ठेवा. २०११ च्या एका प्रयोगात एक उंदीर नळकांड्यात अडकलेला होता आणि दुसऱ्या नळकांड्यात चॉकलेट होतं. मोकळ्या उंदराने दोन्ही दारं उघडली आणि बऱ्याचदा चॉकलेटही वाटून खाल्लं. माकडं तर त्याहून वाया गेलेली. १९६४ च्या प्रयोगात साखळी ओढली की खाणं मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा झटका बसे. एक माकड बारा दिवस साखळीला शिवलंच नाही, उपाशी राहिलं. शूटिंग कुणीही केलं नाही. त्यांच्याकडे फोन नव्हते.

अहिंसेने काही होत नाही, हे ठासून सांगत जा. १९०० ते २००६ मधल्या ३२३ चळवळी तपासल्या, तेव्हा अहिंसक चळवळींपैकी ५३ टक्के यशस्वी ठरल्या आणि हिंसक २६ टक्के, हे आकडे कुणी तोंडावर फेकलेच, तर 'तो काळ वेगळा होता' म्हणा.

कुणाच्या दुःखाची बातमी आलीच, तर फोनवरून हात जोडलेलं चित्र पाठवा. पुरे होतं.

जाऊ दे, हे सोंग मला झेपत नाही. माणसांचं बघा म्हणता ना, मग कुठली माणसं, नावं सांगा! प्राण्यांसाठी धावणारे लोक मी अपघातातल्या अनोळखी माणसासाठीही थांबताना पाहिलेत. तुम्ही तिथून गाडी वळवून निघून जाता. घरी कामाला येणाऱ्या बाईंशी कसं बोलता ते शेजाऱ्यांना भिंतीतून ऐकू येतं. हाताखालच्या वयस्कर माणसाला अरेतुरे करता. पोर रडलं की रडतं म्हणून आणखी एक फटका. आणि वर कारण काय, तर 'राग आवरत नाही हो.' साहेब सगळ्यांसमोर पाणउतारा करतात, तेव्हा बरा आवरतो? तिथे हात खिशात असतो आणि तोंडावर हसू. म्हणजे आवरता येतं तुम्हाला, चांगलं येतं. तेव्हा ही थाप निदान माझ्याकडे तरी पुन्हा मारू नका.