काळी म्हणजे कडक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही जरा लांबणार. तुमचे आक्षेप दोन. पहिली सिगार कशी निवडावी यावरच्या लेखात मी मडुरोचाही (काळपट वरच्या पानाच्या सिगारचा) पर्याय दिला हे चुकीचं, कारण काळी सिगार कडक असते आणि नवख्याने फिकट, बारीक सिगारच घ्यावी, हा एक. साठवणुकीसाठी मी दिलेला ७० टक्के आर्द्रतेचा आकडा आपल्या हवेत चालत नाही, हा दुसरा. दुसरा मुद्दा मान्य आहे, त्याकडे शेवटी येतो. पहिला मात्र मान्य नाही.

तुम्हाला जो रंग दिसतो तो फक्त सर्वांत वरच्या पानाचा, म्हणजे रॅपरचा. त्याच्या आत बाइंडर, म्हणजे भरण बांधून ठेवणारं पान, आणि त्याच्याही आत फिलर, म्हणजे भरण. कडकपणा मुख्यतः फिलर ठरवतो. तंबाखूच्या झाडाची खालची पानं, व्होलाडो, पातळ असतात आणि चटकन पेटतात. मधली सेको, त्यांच्यात सुवास. शेंड्याकडची लिगेरो ऊन खाऊन जाड, तेलकट होतात आणि निकोटीन त्यांच्यातच जास्त. (शेंडा खुडला की पान जाड आणि कडक होतं, हे निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांना सांगायला नको.) लिगेरो सावकाश जळते, म्हणून ती बरोबर मधोमध घालतात. फिकट, गोऱ्यागोमट्या रॅपरच्या आत लिगेरो भरपूर असेल तर ती सिगार तुम्हाला घाम फोडेल.

आणि मडुरो काळी होते ती आंबवण्यामुळे. जाड पान जास्त दिवस, जास्त उष्णतेत आंबवलं की रंग गडद होतो, अमोनिया निघून जातो आणि चवीला कोको-कॉफीसारखा गोडसरपणा येतो. गंमत म्हणजे कनेक्टिकटच्या एकाच खोऱ्यात कापडी मांडवाखाली वाढवलेलं फिकं ‘शेड’ पान होतं आणि उघड्या उन्हातलं ‘ब्रॉडलीफ’ही, ज्याची मडुरो करतात. म्हणून दुकानात ‘लाइट दाखवा’ असं म्हणू नका. ‘माइल्ड फिलरची दाखवा’ म्हणा आणि रंग आवडीने निवडा.

आता बारीक सिगारबद्दल. जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, एक गेज म्हणजे इंचाचा ६४वा भाग. रोबुस्तो, पेटिट कोरोना ही सिगारच्या आकारांची नावं: ५० गेजची रोबुस्तो सुमारे २० मिलिमीटर जाड, ४२ गेजची पेटिट कोरोना पावणेसतरा. लांबी दोघींची पाच इंचांच्या आसपासच, पण जाडीचा वर्ग धरला तर रोबुस्तोत तंबाखू चाळीस टक्क्यांनी जास्त. एवढ्यापुरतं तुमचं म्हणणं पटतं: कमी तंबाखू, कमी वेळ. पण बारीक सिगार लवकर तापते. नवखा माणूस विझेल या धास्तीने भराभर ओढतो, मग धूर कडवट होतो, जीभ चुरचुरते आणि दोष सिगारच्या ‘कडकपणा’वर जातो. लान्सेरो हा आकार तर ३८ गेजचा, पण साडेसात इंच लांब. तशी सिगार पहिल्यांदा हातात धरूच नये. माझी शिफारस तीच आहे: पेटिट कोरोना, मिनिटाला एक झुरका. तेवढा धीर नसेल तर रोबुस्तो घ्या आणि अर्ध्यावर ठेवून द्या. त्यात कमीपणा काही नाही.

घेताना काय पाहायचं हे मूळ लेखात घाईत उरकलं होतं. जळत्या टोकापासून तोंडाकडच्या टोकापर्यंत अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखीच, किंचित लवचीक लागली पाहिजे. मध्येच मऊ खळगा लागला तर तिथे भरण कमी, ती जागा भसकन जळणार. कडक गाठ लागली तर धूर अडणार. दाबताना करकर आवाज आला तर सिगार सुकलेली. टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं तर तंबाखूचा भुंगा. तो नग नकोच, त्या डब्यातला दुसराही नको. पाकिटावर सचित्र इशारा नसेल तर तो माल सरळ मार्गाने आलेला नाही, मग क्युबाचं नाव कितीही ठळक असो.

कापताना टोपीचं, म्हणजे तोंडाकडचं टोक झाकणाऱ्या पानाच्या तुकड्याचं, फक्त दीड-दोन मिलिमीटर कापा. टोपीच्या रेषेखाली गेलात तर रॅपर उलगडत जातं. उपाशी पोटी ओढू नका. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे छातीत न घेताही निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं. मळमळ, गार घाम सुरू झाला तर ठेवून द्या आणि काहीतरी गोड खा. छातीत घेत नाही म्हणून धोका नाही, असं मात्र कुणी समजू नये. तोंडाच्या, स्वरयंत्राच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतोच.

राहिला आर्द्रतेचा मुद्दा. ७० टक्के आणि ७० अंश फॅरनहाइट ही जोडगोळी आहे, म्हणजे सुमारे २१ सेल्सिअस. मुंबईतल्या बंद कपाटात एवढं गार कुठून असणार? उष्ण हवेत ७० टक्क्यांवर पान फुगतं, ओढायला जड जातं, वारंवार विझतं आणि बुरशी धरते. शिवाय २४-२५ अंशांच्या वर भुंग्याची अंडी उबतात. तेव्हा पाच-दहा सिगारसाठी लाकडी पेटी विकत घेऊच नका. रबरी कडेचा हवाबंद डबा आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारं पाकीट पुरे. भुंग्याची शंका आली तर सिगार झिपच्या पिशवीत हवा काढून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये. फ्रीझरमधून थेट बाहेर काढलीत तर रॅपर तडकेल.

मूळ लेखातला ७० चा आकडा बदलून आज ६५ केला आहे. मडुरोचा परिच्छेद तसाच ठेवला आहे.