आधी थोडं यायला लागू दे, मग खेळू

मोठेपणी टेनिस शिकायला लागलेल्या माणसाला रॅकेट मिळते, कोच मिळतो, धडपड केली तर कोर्टही मिळतं. अडतं ते जाळीच्या पलीकडे कोण उभं राहणार, इथे. बॅकहँड जमत नाही म्हणून खेळ सोडणारे मी फारसे पाहिलेले नाहीत. क्लास संपला, पुढे खेळायला कोणी नाही आणि रॅकेट माळ्यावर गेली, हे मात्र सतत पाहते.

अशा लोकांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "आधी थोडं यायला लागू दे, मग खेळू कोणाशी तरी." मला हे अजिबात पटत नाही. कोच टोपलीतून चेंडू देतो तेव्हा तो ठरल्या जागी, ठरल्या उंचीवर, ठरल्या वेगाने येतो. त्याने फटका सुधारतो, हे खरंच. पण तुमच्याइतकाच नवखा माणूस समोरून मारतो तेव्हा एक चेंडू पायाशी पडतो, दुसरा डोक्यावरून जातो, तिसरा जाळीला चाटून अलीकडे मरतो. त्याचा अंदाज घेऊन वेळेत तिथे पोहोचणं हेच निम्मं टेनिस आहे, आणि ते टोपलीसमोर उभं राहून येत नाही. "थोडं यायला" लागतं तेच मुळी कोणाबरोबर तरी खेळून.

हे काही माझ्या एकटीचं खूळ नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2007 मध्ये 'प्ले अँड स्टे' मोहीम सुरू केली ती याच विचाराने: नवख्या माणसाने पहिल्याच सत्रापासून सर्व्हिस करावी, रॅली करावी (म्हणजे चेंडू एकमेकांकडे परतवत राहावं), गुण मोजावेत. त्यासाठी संथ चेंडू वापरायचे. नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा लाल सुमारे 75 टक्के, नारिंगी 50 टक्के आणि हिरवा ठिपका असलेला 25 टक्के संथ. मोठी माणसं हे चेंडू लहान मुलांचे म्हणून हातात घ्यायला लाजतात. कृपा करून लाजू नका. दोन नवखे पिवळ्या चेंडूने खेळले की अर्धा वेळ चेंडू गोळा करण्यात जातो. हिरव्या ठिपक्याच्या चेंडूने तेच दोघं रॅली करू लागतात. कोर्टाची लांबी 23.77 मीटर आहे, पण सगळी वापरलीच पाहिजे असं कुठे आहे? जाळीपासून सर्व्हिसची रेघ 6.40 मीटरवर असते. सुरुवातीला दोघांनी तेवढ्यातच हळू खेळावं.

आता जोडीदार. "कोणी खेळायला येतं का?" या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: "नवीन आहे, चार-पाच फटक्यांची रॅली होते, शनिवारी सकाळी तासभर, आधी सराव, मग थोडे गुण मोजून." वाचणाऱ्याला लगेच समजतं की हे आपल्यासाठी आहे की नाही. सगळ्यात आधी विचारायचं ते आपल्याच बॅचमधल्यांना. तेही जोडीदार शोधत असतात आणि तेही गप्प असतात. चांगलं खेळणारा एखादा जोडीदार कधीमधी मिळाला तर आनंदच, पण नेमाने येणारा साधा खेळाडू मला त्याहून मोलाचा वाटतो. आणि एकावर विसंबू नका. तीन-चार जण असले की कोणाचा तरी खाडा चालून जातो, शिवाय चौघे जमले तर डबल्स होतं. डबल्समध्ये कोर्ट 8.23 ऐवजी 10.97 मीटर रुंद होतं, तरी ते दोघांत वाटलं जातं. दम कमी लागतो, बोलणं होतं, ओळखी वाढतात.

लीगचं नाव काढलं की नवखे दचकतात. खरं तर हौशी लीगची रचनाच बरोबरीच्यांची गाठ घालण्यासाठी केलेली असते. अमेरिकेत खेळाडूची पातळी सांगणारी एनटीआरपी श्रेणी नवख्याच्या 1.5 पासून 7.0 पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढते. आंतरराष्ट्रीय महासंघाचा 'वर्ल्ड टेनिस नंबर' 40 पासून सुरू होऊन 1 कडे जातो, म्हणजे 40 हा अगदी नवखा. जिथे स्वतःची पातळी स्वतः लिहायची असते तिथे ती खरी लिहा. मुद्दाम खालची पातळी लिहून नवख्यांना धुणारे लोक असतात, त्यांचा मला मनापासून राग आहे. एका बक्षिसासाठी ते चार जणांना खेळ कायमचा सोडायला लावतात.

लीगच्या प्रकारांत नवख्यासाठी बॉक्स लीग उत्तम, असं माझं मत. चार-सहा जणांचा गट असतो, प्रत्येकाने प्रत्येकाशी ठरल्या मुदतीत खेळायचं. मुदत संपली की वरचे वरच्या गटात, खालचे खालच्या गटात. हरलात तरी पुढच्या फेरीत तुमच्या तोडीचेच लोक मिळतात. शिडीच्या स्पर्धेत वरच्याला स्वतःहून आव्हान द्यावं लागतं, बुजऱ्या माणसाला ते जड जातं. बाद फेरीच्या स्पर्धेच्या वाटेला सध्या जाऊ नका; एक सामना हरला की दिवस संपला.

लीगला जाण्याआधी फटक्यांपेक्षा रीत शिकून घ्या. इथे पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं, रेषेला लागला तर आत, शंका असेल तर गुण समोरच्याचा. सर्व्हिस करणाऱ्याने दर वेळी गुण मोठ्याने सांगायचे. एवढं नीट पाळणाऱ्या नवख्याला लोक पुन्हा बोलावतात, त्याची सर्व्हिस कशीही असो.

आणि ज्यांना खेळता येतं त्यांना, विशेषतः गट आणि लीग चालवणाऱ्यांना एक मागणं. "सगळ्यांचं स्वागत आहे" असं लिहून सगळ्यात खालची पातळी मध्यम खेळाडूंचीच ठेवू नका. खरोखर नवख्यांचा वेगळा गट करा, आठवड्यातला एक तास त्यांच्या नावावर लावा, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोणाबरोबर खेळायचं ते तुम्हीच जुळवून द्या. अनोळखी कोर्टवर उभं राहून "मला घेता का?" असं विचारायला मोठ्या माणसाला किती बळ लागतं, ते लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

नवख्यांनो, तुम्हाला शेवटचं. लीगमध्ये ज्याच्याकडून तुम्ही 6-4 असे हरलात, तो तुमच्याच पातळीचा आहे आणि त्यालाही सराव हवाच आहे. हात मिळवताना तिथल्या तिथे विचारा, पुढच्या आठवड्यात कधी वेळ आहे?