देश किती धार्मिक? घरबसल्या मोजा

आधी निष्कर्ष ठरवून घ्या. पुराव्यांचं पुढे बघता येतं. आपल्याकडे त्यांचा तुटवडा कधीच नव्हता.

'धर्म बुडाला' म्हणायचं असेल तर विन-गॅलपची २०१२ची जागतिक पाहणी काढा. २००५ साली स्वतःला धार्मिक म्हणवणारे भारतीय ८७ टक्के होते, ते सात वर्षांत ८१ वर आले. हा आकडा सुस्कारा टाकून सांगायचा आणि लगोलग मोबाइल, कॉन्व्हेंट आणि हल्लीच्या सुना यांच्यावर घसरायचं. 'भक्तीची लाट' हवी असेल तर प्यू संशोधन केंद्राचा २०२१चा अहवाल घ्या. सुमारे ३० हजार लोकांना विचारलं, ९७ टक्के म्हणाले, देव मानतो. पहिल्या पाहणीत 'देवळात जात असा-नसा, स्वतःला धार्मिक समजता का' असं विचारलं होतं, दुसरीत देव मानता का ते. प्रश्नच वेगळे, पण तुम्ही त्या खोलात शिरू नका. खोलात शिरणाऱ्याला व्याख्यानमालेचं पुन्हा बोलावणं येत नाही.

त्याच प्यू अहवालात एक अडचण आहे, ती मात्र शिताफीनं टाळा. देशातल्या बौद्धांपैकी साधारण एक तृतीयांश म्हणाले, आम्ही देव मानत नाही. भारतातले बहुसंख्य बौद्ध आपल्याच राज्यातले. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पहिलीच मुळी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. मग ही माणसं अधार्मिक म्हणायची? दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन बघा, पाय ठेवायला जागा सापडणार नाही. देव नाही आणि धर्म आहे, असा रकाना तुमच्या तक्त्यात नसेल, तर सरळ तळटीप करा आणि तळटीप छापायला विसरा.

आकड्यांचा कंटाळा आला तर कानांनी मोजा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, ही कायद्यातली मर्यादा. तिच्या आतली ती नुसती आरती, पुढे गेली की जाज्वल्य श्रद्धा. लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक उत्सवाला जोर दिला तेव्हा बिचाऱ्यांकडे डीजे नव्हता, त्यामुळे त्या पिढीच्या धार्मिकतेबद्दल खात्रीनं काही म्हणता येत नाही. २०२५ पासून तर गणेशोत्सव हा राज्य महोत्सव आहे, म्हणजे श्रद्धेला शासकीय दुजोराही मिळाला.

तरीही जनगणनाच हवी असा हट्ट असेल, तर ती कशी होते ते ऐका. २०११ साली आमच्याकडे जवळच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या. पाणी प्यायल्या, पंख्याखाली बसल्या, मांडीवर तो लांबलचक तक्ता पसरला. घरातल्या सगळ्यांची माहिती आजी देत होती. धर्माच्या रकान्यात बाई न विचारताच एकाखाली एक तेच लिहीत सुटल्या. आमचा धाकटा काका म्हणजे घोषित नास्तिक, श्रावणातही अंडाबुर्जी खाणारा. तो आतून ओरडला, "माझ्यापुढे निरंक लिहा." आजी म्हणाली, "लक्ष देऊ नका हो त्याच्याकडे, अजून लग्न व्हायचंय त्याचं." बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि लिहिलं ते लिहिलंच. त्या वर्षी देशभरात धर्म न सांगितलेले सुमारे २९ लाख निघाले. त्यांच्या घरी बहुधा आजी नसावी.

लग्न झालं. काका आता सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार आहे. देव मानत नाही, पण पावतीपुस्तक घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. हिशोबाला चोख, म्हणून सगळ्यांनी त्यालाच धरलं. आस्तिकांवर कोण विश्वास ठेवणार?

२०२७ला प्रगणक मोबाइल घेऊन येतील. तेव्हा काकाला काय विचारायचं, ते तुम्ही आत्ताच ठरवून ठेवा. गेल्या वर्षी दादर चौपाटीवर विसर्जनाला आम्ही सगळे होतो. मूर्ती पाण्यात न्यायला उचलली तसा काका बाजूला सरकला आणि त्यानं चपला काढल्या. मी विचारलं, हे काय?

"ओल्या वाळूत रुततात," तो म्हणाला.