मिनी की फुल? आधी आडवं पडून बघा

टमी टकवरच्या (म्हणजे पोटाची सैल कातडी काढायची शस्त्रक्रिया) एका लेखात 'मिनी टमी टक म्हणजे कमी खर्च, छोटा व्रण' एवढंच लिहून सोडलंय, ते पटलं नाही. दोन सिझेरियननंतर मीही मिनीच करायची असं ठरवून गेले होते. डॉक्टरबाईंनी उताणं झोपवलं, डोकं जरा उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं दाबली. तीन बोटं आत! स्नायूंमध्ये फट. मिनीत बेंबीच्या खालचीच कातडी काढतात, वरचं सैल पोट आहे तिथेच राहतं. फुलमध्ये कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छेद, स्नायू शिवून जवळ आणतात, बेंबीला नवी जागा. व्रण लांब, पण चड्डीत झाकला जातो.

त्याआधी एका क्लिनिकात नुसतं लायपोसक्शन गळ्यात मारत होते. चरबी गेली असती हो, पण लोंबती कातडी?

फुलनंतरचा पहिला आठवडा मात्र म्हातारीसारखी वाकून चालले, दोन्ही बाजूंना ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या) नळ्या, आणि शेजारच्या काकू विचारतायत, "अपेंडिक्स का गं?" धाकटी दोन वर्षांची, तिला सहा आठवडे कडेवर घ्यायची बंदी. हे लेखात लिहायला हवं होतं. आणि अजून मूल हवं असेल तर थांबा. पोट परत ताणलं की मुसळ केरात.