जंगलाचा व्हिडिओ लावला की भागलं?

‘मेंदूला खरं झाड आणि पडद्यावरचं झाड यातला फरक कळत नाही. घरून काम करणाऱ्यांनी दोन मीटिंगच्या मधे जंगलाचा व्हिडिओ लावावा, तेवढं पुरतं. बाहेर जायला वेळ आहे कुणाला?’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच चटकन पटतो.

आधी ‘फरक कळत नाही’ हे घेऊ. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पीटर कान आणि सहकाऱ्यांनी २००८ साली नेमकं हेच तपासलं. काहींसमोर हिरवाई दिसणारी काचेची खिडकी, काहींसमोर तेच दृश्य थेट दाखवणारा प्लाझ्मा स्क्रीन, काहींसमोर कोरी भिंत. थोड्या ताणानंतर वाढलेले हृदयाचे ठोके खिडकीसमोर लवकर उतरले. स्क्रीनसमोर मात्र भिंतीपेक्षा वेगळं काही घडलं नाही. खिडकीबाहेर जो जास्त वेळ बघत राहिला, त्याचे ठोके आणखी लवकर उतरले. स्क्रीनकडे कितीही बघितलं तरी तसं झालं नाही. डोक्याला कळो न कळो, शरीराला फरक कळतो.

मग चित्रांचा काहीच उपयोग नाही का? आहे. मेलबर्नमधल्या २०१५च्या प्रयोगात कॉम्प्युटरवर फक्त ४० सेकंद, फुललेली झाडं लावलेल्या इमारतीच्या छताचं चित्र पाहिलेल्यांनी पुढच्या कामात काँक्रीटचं छप्पर पाहिलेल्यांपेक्षा कमी चुका केल्या. जो अंथरुणाला खिळलाय, ज्याच्या खिडकीसमोर भिंतच आहे, त्याने असे व्हिडिओ जरूर लावावेत. पण चालू-फिरू शकणाऱ्या माणसाला ‘हेच पुरे’ म्हणून सांगणं मला चुकीचं वाटतं.

कारण घरून काम करणाऱ्याचा थकवा नुसता मनाचा नसतो. पडद्यावरचा डोंगर दहा किलोमीटर लांबचा असला तरी पडदा डोळ्यांपासून हातभरच असतो. जवळचं पाहताना आवळलेला डोळ्यातला स्नायू लांब पाहिल्यावरच सैल होतो. व्हिडिओत तो आवळलेलाच राहतो. खुर्ची तीच, पाठ तशीच वाकलेली. उजेडही तोच. घरात साधारण काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, तर ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो. आणि नदी वाहत असतानाच कोपऱ्यात ऑफिसचा मेसेज उगवतो.

राहिला वेळेचा मुद्दा. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. एकदम की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. निसर्गामुळेच ते बरे होते, हे यातून सिद्ध होत नाही. मुळात निरोगी माणसंच जास्त बाहेर पडत असतील. तरी १२० मिनिटं म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. मीटिंगा पाठोपाठ लावणाऱ्या साहेबांनी दुपारची तेवढी जागा मोकळी सोडली, तर बहुतेकांना ती मिळू शकतात. मात्र तेव्हा फोन घरी ठेवा. झाडाखाली उभं राहून कॉल घेतलात, तर लक्ष कामातच अडकलेलं राहतं.