नोकऱ्या सोडणारा कॉपेल

आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग बघणाऱ्या आपल्या मंडळींना स्टीव्ह कॉपेल आठवतो तो टचलाइनवर हाताची घडी घालून उभा असलेला, गोल झाला तरी चेहऱ्यावरची रेषा न हलणारा इंग्लिश म्हातारा म्हणून. शून्य-शून्यवाला कोच. आणि ज्यांनी थोडं जास्त वाचलंय ते लगेच पुढचं सांगतात, ‘अरे तो पळपुटा आहे, मँचेस्टर सिटीचं मॅनेजरपद ३३ दिवसांत सोडून गेला होता.’

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी पळपुटा हा शब्द मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला त्याच्या खेळण्याच्या दिवसांपर्यंत मागे जावं लागेल. आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

१९५५ साली लिव्हरपूलमध्ये जन्म. शाळा क्वॉरी बँक, म्हणजे जॉन लेननची शाळा. अठराव्या वर्षी लिव्हरपूल विद्यापीठात शिकता शिकता शेजारच्या ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून खेळायला लागला. १९७५ मध्ये टॉमी डॉकर्टीने त्याला मँचेस्टर युनायटेडला नेलं, किंमत ६० हजार पौंड. युनायटेड तेव्हा सेकंड डिव्हिजनमध्ये होती, हे आजच्या पोरांना सांगितलं की ती हसतात. कॉपेलने युनायटेडकडून खेळत असतानाच पदवी पूर्ण केली. त्या काळी इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी शाळा सोडून क्लबात बूट पुसायला लागायचं, हा फुटबॉलपटू होण्याचा ठरलेला रस्ता. परीक्षा देणारा विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा आक्रमक) म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये कौतुकाचा आणि चेष्टेचा विषय.

तो खेळायचा उजव्या विंगवर. डाव्या बाजूला गॉर्डन हिल, उजवीकडे हा. हिल नखरेबाज, चेंडूशी खेळ करणारा. कॉपेल धावणारा. बॅकला चकवून क्रॉस टाकायचा, चेंडू गेला की उलटा पळत आपल्या बॅकच्या मदतीला यायचं, पुन्हा वर जायचं. टीव्हीवरच्या हायलाइट्समध्ये यातला अर्धा भाग दिसतच नाही.

मला त्याच्या कारकिर्दीत सगळ्यात मोठी वाटते ती एक कंटाळवाणी नोंद. जानेवारी १९७७ ते नोव्हेंबर १९८१ या काळात युनायटेडचा लीगमधला एकही सामना त्याने चुकवला नाही. सलग दोनशेहून जास्त सामने! गोलरक्षक सोडून युनायटेडच्या दुसऱ्या कुठल्या खेळाडूला हे जमलेलं नाही. आणि हा काही मागे उभा राहून चेंडू लांब मारणारा बचावपटू नव्हता. त्या काळात विंगरला मागून लाथ घातली तरी रेफरी बऱ्याचदा नुसतं बोट दाखवून सोडून द्यायचा. जानेवारीतली मैदानं म्हणजे चिखल. मधल्या काळात डॉकर्टी गेला, डेव्ह सेक्स्टन आला, तो गेला, रॉन ॲटकिन्सन आला. तीन मॅनेजर झाले, तिघांनीही दर शनिवारी उजव्या विंगवर एकच नाव लिहिलं. रोज कामावर येणाऱ्या माणसाचं आपल्याला एरवी फार कौतुक नसतं, तो नसला की मग कळतं.

१८ नोव्हेंबर १९८१. वेम्बली, समोर हंगेरी, वर्ल्ड कप पात्रतेचा सामना. १९७४ आणि १९७८ ला इंग्लंड घरीच बसलं होतं, त्यामुळे देश किती टेकीला आला होता याची कल्पना करा. पॉल मरिनरच्या गोलवर इंग्लंड १-० जिंकलं आणि स्पेनचं तिकीट पक्कं झालं. त्याच सामन्यात योझेफ टोथचा टॅकल कॉपेलच्या गुडघ्यावर बसला.

नंतरचं वर्ष-दीड वर्ष म्हणजे ऑपरेशन, पुन्हा सराव, पुन्हा सूज. अशा गुडघ्यावर तो १९८२ चा वर्ल्ड कप खेळला. बिल्बाओला फ्रान्सविरुद्ध ब्रायन रॉब्सनने २७ व्या सेकंदाला गोल केला, तो सगळ्यांनी पाहिलाय. त्या गोलची सुरुवात झाली उजवीकडून कॉपेलने फेकलेल्या लांब थ्रो-इनने. बुचरने डोकं लावलं, रॉब्सन आत घुसला. पण पुढे स्पेनविरुद्ध दोन गोलांनी जिंकणं भाग होतं तेव्हा गुडघ्याने दगा दिला आणि कॉपेल बाहेर बसला. सामना ०-० सुटला, आणि इंग्लंड एकही सामना न हरता घरी परतलं. १९८३ मध्ये युनायटेडने एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला, त्या फायनललाही तो नव्हता. त्याच वर्षी निवृत्ती. वय २८. इंग्लंडकडून ४२ सामने, ७ गोल. युनायटेडकडून ३९६ सामने, ७० गोल.

२८! आज या वयात खेळाडू आपला सगळ्यात मोठा करार करतात.

आता पळपुटेपणाकडे येतो. १९८४ मध्ये क्रिस्टल पॅलेसने त्याला मॅनेजर केलं, तेव्हा त्याच्या वयाची माणसं मैदानात होती. पैसे नव्हते. ग्रीनिच बरोसारख्या छोट्या क्लबातून त्याने इयान राइट नावाचा पोरगा उचलला. मोठ्या क्लबांच्या लेखी राइटचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये आला आणि सप्टेंबर १९८९ मध्ये लिव्हरपूलने त्यांना ९-० असं धुतलं. कॉपेल तेव्हा गेला नाही. त्याने नायजेल मार्टिनला आणलं, दहा लाख पौंडांचा ब्रिटनमधला पहिला गोलरक्षक, आणि एप्रिलमध्ये एफए कपच्या सेमीफायनलला त्याच लिव्हरपूलला ४-३ ने हरवलं. फायनल युनायटेडशी, ३-३, मग रिप्लेमध्ये ०-१. पुढच्या मोसमात पॅलेस लीगमध्ये तिसरा. हे सगळं करायला पळपुटा माणूस नऊ वर्षं एका जागी थांबत नाही.

मँचेस्टर सिटीचं मात्र खरं आहे. १९९६, सहा सामने, ३३ दिवस, आणि ताण झेपत नाही म्हणून राजीनामा. आज कोणी असं म्हटलं तर आपण मानसिक आरोग्यावर पोस्टी टाकू. तेव्हा पेपरवाल्यांनी त्याची सालं काढली. २०१० मध्ये ब्रिस्टल सिटीला दोन सामन्यांनंतर त्याने सांगितलं की यात आता मन लागत नाही, आणि उठला. मधल्या काळात रेडिंग क्लबने त्याच्या हाताखाली २००५-०६ च्या मोसमात १०६ गुण मिळवले होते, तेव्हाचा इंग्लिश लीगमधला विक्रम, आणि पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये आठवा नंबर. तेव्हा ब्रिस्टलहून उठला तो काम येत नव्हतं म्हणून नाही.

माझं म्हणणं साधं आहे. खेळ त्याच्याकडून काढून घेतला गेला तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं. नंतरच्या नोकऱ्या कधी सोडायच्या हे त्याने स्वतः ठरवलं. बाकीचे मॅनेजर हकालपट्टीची वाट बघत बसतात, कारण नुकसानभरपाई मिळते. हा राजीनामा द्यायचा. मला यात भित्रेपणा दिसत नाही.

पुढे तो आयएसएलमध्ये केरळा ब्लास्टर्सचा कोच झाला, त्यावरून एक आठवण. नोव्हेंबर २०१६, अंधेरीचं मैदान, आपल्या मुंबई सिटीने ब्लास्टर्सना ५-० हाणलं, उरुग्वेच्या फोर्लानची हॅटट्रिक. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडत होतो, त्यात सचिन सहमालक असलेला संघ हरतोय याची गंमत वेगळीच, मुंबईकराला असा योग कुठे येतो! बेंचसमोर कॉपेल तसाच उभा, हाताची घडी. पॅलेसचे ९-० मला तेव्हा माहीत असते तर एवढा खूश झालो नसतो. कारण मुंबई गुणतक्त्यात पहिली आली आणि सेमीफायनलला कोलकात्याकडून हरली. ब्लास्टर्स, ज्यांनी लीगमध्ये मारले त्यापेक्षा जास्त गोल खाल्ले होते, दुसरे आले आणि कोचीत फायनल खेळले. पेनल्टीवर हरले, पण फायनलला पोचले तर होते.

पुढे जमशेदपूर, मग कोलकात्याचा एटीके. तिथे फार काही विशेष घडलं नाही.

ज्यांना त्याचा फुटबॉल रटाळ वाटतो त्यांनी १९७९ च्या एफए कप फायनलची शेवटची पाच मिनिटं यूट्यूबवर शोधून बघा. आर्सेनल २-० ने पुढे, ८६ वं मिनिट. कॉपेलची फ्री किक, मॅक्वीनचा गोल. दोन मिनिटांनी कॉपेलचा पास, मॅकिलरॉयचा गोल, २-२. आणि मग ॲलन संडरलंड, ३-२, आर्सेनल. युनायटेडचा सात नंबर बघा, आणि मग कमेंटमध्ये भांडायला या.